चारच्या चहाचा दोष नाही

सकाळी सहा

उठल्यावर पहिलं काम म्हणजे फोन उघडून रात्रीच्या नोंदी वाचणं. माझे पेशंट झोपण्यापूर्वी चार ओळी पाठवतात: काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, पोटात काय झालं, किती वाजता झालं. चारातल्या दोन ओळी वेळेच्या असतात आणि माझा सगळा भरवसा त्या दोन ओळींवर असतो.

मी नाशिकच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयबीएस असतो. आतड्यात जखम नाही, सूज नाही, दुर्बिणीची तपासणी स्वच्छ; तरीही रोज पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब तर कधी कुंथून जीव जातो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ही माणसं इतक्या वेळा ऐकून आलेली असतात की आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. दुखणं खरं असतं. त्याचा माग काढायला नेहमीच्या तपासण्या अपुऱ्या पडतात, एवढंच.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी 2005 साली काही शर्करांना एक सामायिक नाव दिलं: फॉडमॅप. या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस होतो. त्यांच्या पद्धतीत आधी दोन ते सहा आठवडे असे पदार्थ थांबवायचे आणि त्रास उतरला की एकेक करून परत आणायचे. थांबवणं लोक जिद्दीने करतात. परत आणताना मात्र भितात. माझा दिवस या परत आणण्यात जातो.

आजच्या नोंदींत एका बँकेतल्या बाईंची नोंद आहे. काल दुधाचा दुसरा दिवस होता. ‘सकाळी साडेसातला अर्धा कप दूध. काही नाही. चारला ऑफिसात चहा. पाचला पोट टम्म. मॅडम, दूध मला बाधतंच.’ दुपारच्या जेवणाची ओळच नाही. मी नऊची वेळ देते.

साडेसात

पिशवीत वाट्या भरते. दवाखान्यात तक्ता चालतो, ओट्यावर वाटी चालते, आणि घराघरातली वाटी वेगळी असते. माझ्याकडे तीन स्टीलच्या वाट्या आहेत. दिसायला बहिणी, पण काट्यावर ठेवून पाण्याने भरल्या की एकीत शंभर मिलिलिटर बसतं, दुसरीत दीडशे, तिसरीत दोनशेच्या वर. ‘एक वाटी उसळ’ म्हटल्यावर एका घरात जेवढं पानात पडतं, त्याच्या दुप्पट दुसऱ्या घरात पडतं. तिथेच चाचणीचा निकाल बदलतो. म्हणून प्रत्येकाला सांगते, घरातली एक वाटी ठरवा, तिच्यात पाणी घालून मोजा, खाली नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि चाचणी संपेपर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या पानात जाऊ देऊ नका.

नऊ

बँकेतल्या बाई येऊन बसतात. काल दुपारी काय झालं, असं विचारते. सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता. एक वाजता दोन सामोसे आणि लाल चटणी. ‘पण त्याने काही झालं नाही. सामोसा खाल्ल्यावर तीन तास मी ठीक होते.’

तीन तास ठीक असणं हाच धागा आहे. मी कागदावर आडवी रेघ ओढते आणि तिच्यावर तास लिहिते. सकाळच्या अर्ध्या कपात साधारण सहा ग्रॅम लॅक्टोज होतं. ते बाधणार असतं तर सहसा अर्ध्या तासापासून दोनेक तासांत गुडगुड सुरू झाली असती. दुपारपर्यंत काही झालं नाही. चारच्या चहात फार तर दोन-अडीच चमचे दूध. सहा ग्रॅम ज्या पोटाने मुकाट्याने पचवले, त्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी लॅक्टोज कसं बाधेल? सामोशातला मैदा, वाटाणा, चटणीतला लसूण यांतल्या शर्करांचा प्रवास मात्र लांबचा. आपल्या पोटात त्या तोडणारं विकरच नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्याला चार तास, कधी त्याहून जास्तही लागतात. एक आणि चार, पाच.

मग चहा प्यायल्यावरच कसं झालं, असं त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. पोटात काहीही गेलं की मोठं आतडं हलायला लागतं; ही शरीराची जन्मजात सवय. आधीपासून साठत आलेला गॅस त्या हालचालीने जाणवतो. म्हणजे दुपारचं दुखणं वर यायला चहा निमित्त होतो आणि खापर त्याच्या माथी फुटतं. माझ्या कामात रोज दिसणारा अन्याय हाच. शेवटचा घास पकडला जातो.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने 2014 मध्ये हे एमआरआयवर दाखवलं. फ्रुक्टोज दिलं तेव्हा लहान आतड्यात पाणी भरलेलं दिसलं. इन्युलिन हे फ्रुक्टन, म्हणजे कांदा-लसूण-गव्हात असते त्या जातीची शर्करा, दिलं तेव्हा मोठं आतडं गॅसने फुगलेलं दिसलं. दोन शर्करा, दोन जागा, दोन वेळा.

निकाल: कालचा दिवस बाद. पोट पूर्ण शांत होऊ द्यायचं, दोन-तीन दिवस पुन्हा साधं जेवण आणि मग परत अर्धा कप. बाई वहीत लिहून घेतात आणि मग हळूच विचारतात, ‘म्हणजे दूध कदाचित चालेल?’ चालेल. लॅक्टोज न पचणाऱ्या पुष्कळ माणसांनाही एका वेळी पेलाभर दूध, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, फारशा त्रासाविना चालतं. दह्यात ते कमी असतं, चक्क्यात आणखी कमी, तुपात जवळपास नसतंच. ज्या बाईने पंधरा वर्षं तूपसुद्धा सोडलं होतं तिला हे सांगताना माझाच आवाज चढतो.

दहा

निफाड तालुक्यातले एक काका. शेतकरी, पासष्टीचे. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला, लासलगावला भाव बघून काढायचा, आणि यांना कांदाच खाता येत नाही. ‘ताई, गावात कुणाला सांगायची सोय नाही,’ असं ते म्हणतात, तेव्हा मी हसत नाही. ज्या पिकावर घर उभं आहे ते आपल्या पानात नसणं ही साधी गोष्ट नाही.

काकांची गोष्ट मोठी बोलकी आहे. सकाळी सातला भाजी-भाकर खाऊन शेतावर जायचे. भाजीत भरपूर परतलेला कांदा. बाराच्या सुमाराला बांधावर बसून फडक्यातली बाजरीची भाकरी सोडायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कळ यायची. त्यांनी बाजरी सोडली. मग ज्वारीवर आले, कळ तशीच, ज्वारी सोडली. शेवटी दुपारचं जेवणच बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. बाजरी, ज्वारी, तांदूळ ही धान्यं फॉडमॅपच्या हिशेबात सगळ्यात निरुपद्रवी. सातचा कांदा बाराला बोलत होता.

गेल्या तीन दिवसांत त्यांची कांद्याची चाचणी झाली. बाकी सगळं जेवण कांदा-लसणाशिवाय. सकाळच्या भाजीत पहिल्या दिवशी एक चमचा शिजलेला कांदा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी जरा जडपणा. तिसऱ्या दिवशी साडेअकराला अशी कळ की खुरपं टाकून बसावं लागलं.

‘म्हणजे बंद.’ काका उठायला लागतात.

मी त्यांना खाली बसवते. बंद नाही. दोन चमचे सोसतात, अर्धी वाटी सोसत नाही, हे आपण शोधून काढलं. आयबीएसमध्ये प्रश्न बहुतेक वेळा किती हा असतो. घरच्या भाजीतून काकांच्या वाटणीला येणारा कांदा दोन चमच्यांत ठेवता येतो. पातीचा हिरवा भाग त्यांना वाटेल तेवढा. फ्रुक्टन खालच्या पांढऱ्या गड्ड्यात असतं. आणि घरचा काळा मसाला तपासायचा, कारण आमच्याकडे त्यात भाजलेला कांदा घालतात. वर्ज्य करण्याच्या आठवड्यांत अनेकांचा त्रास उतरत नाही तो या डब्यामुळे. पानात कांदा दिसत नाही, मसाल्यात असतो.

पात वाटेल तेवढी म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळतो. झुणका पातीचा करता येईल का, हे त्यांना आत्ताच्या आत्ता हवं असतं. बेसनाची चाचणी अजून व्हायची आहे, म्हणून तो थांबवावा लागतो. पात घालून तांदळाची धिरडी मात्र आजपासून.

अकरा

इंजिनिअरिंगचा एक मुलगा. याला फक्त मिसळ परत हवी आहे. नाशिकचाच, समजू शकते. पहिल्या भेटीआधी याने स्वतःच प्रयोग केला होता: महिनाभर सगळं सोडलं, बरं वाटलं, मग थेट मिसळ खाऊन पाहिली आणि रात्रभर तळमळला. ‘मिसळ बाधते’ हा निष्कर्ष.

मिसळीत मटकीतलं गॅलॅक्टन, पावातल्या गव्हाचं फ्रुक्टन, रश्श्यात कांदा-लसूण, वर कच्चा कांदा, फरसाणात बेसन, आणि या सगळ्यावर तर्री. तेल आणि तिखट दोन्ही पोटाला आपापल्या परीने डिवचतात. सहा जण एकदम घरात शिरल्यावर भांडं कुणी फोडलं हे कसं कळणार? म्हणून मी मिसळीचे भाग पाडले. एका वेळी एक, बाकीचं जेवण साधं, आणि एखादा भाग उत्तीर्ण झाला तरी सगळ्या चाचण्या होईपर्यंत तो रोजच्या जेवणात घ्यायचा नाही, नाहीतर पुढच्या चाचणीत दोन शर्करांची बेरीज होते.

आज मटकीचा तिसरा दिवस. परवा पाव वाटी, काल अर्धी, आज सकाळी आठला एक पूर्ण. कांदा-लसूण नाही, फोडणीत मोहरी, जिरं, आलं. हिंगाचं मी लेबल वाचायला लावलं, कारण बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. चिमटीभराने आयबीएसवाल्याचं सहसा बिघडत नाही. सीलिअक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार, असलेल्याला मात्र तेवढंही नको. मटकी भिजवलेलं पाणी फेकायचं, मोड येऊ द्यायचे. या शर्करा पाण्यात उतरतात आणि मोड येताना अंकुर त्या स्वतःच वापरतो. कडधान्यं भिजवून मोड आणण्याच्या आपल्या रीतीत हे सगळं आधीच आहे.

आत्ता काही होत नाहीये, असं तो खुशीत सांगतो. अकरा वाजलेत, मी म्हणते. अजून बोलू नकोस. साडेचारला फोन करते.

साडेबारा

मुलगी बावीस वर्षांची. हातातल्या कागदावर ‘न चालणाऱ्या’ पदार्थांची यादी, दोन्ही बाजूंनी भरलेली. उरलेत भात, काकडी आणि उकडलेलं अंडं. वजन चार महिन्यांत बरंच उतरलंय. बोलता बोलता कळतं की रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागतं.

हिला मी एकही पदार्थ सोडायला सांगणार नाही आणि चाचणीही लावणार नाही. विनाकारण वजन उतरणं, संडासवाटे रक्त, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारा त्रास, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार; यांतलं काहीही असलं की आधी डॉक्टर. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि तो क्रोन्सच्या आजारासारखाच भासतो. आहाराच्या वहीत तो सापडत नाही. सीलिअकची रक्ततपासणीही गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर आजार असूनही तपासणी फसते. आणि अन्नाची भीतीच मनात घर करून बसली असेल, तर वर्ज्य पदार्थांचा तक्ता हातात देणं म्हणजे त्या भीतीला खतपाणी घालणं. मी स्वतः तिच्यासोबत शेजारच्या खोलीत पोटविकारतज्ज्ञांकडे जाते. तपासण्या लिहिल्या जातात. समुपदेशकांची वेळही घेते. दाराशी तिच्या आईला एवढंच सांगते की, मावशी, तिने यादीतलं काही मागितलं तर अडवू नका.

एक

डबा. भात, मुगाचं वरण, भेंडी.

अडीच

रुग्णालयाच्या छोट्या स्वयंपाकघरात आज फोडणीचा वर्ग. पेशंटपेक्षा त्यांच्या घरचं जो रांधतो त्याला बोलावते. दोन सासवा, एक सून, एक निवृत्त शिक्षक. बायको आजारी म्हणून आता तेच स्वयंपाक करतात.

कढईत तेल तापवते, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या ठेचून टाकते. कडा सोनेरी होतात, वास खोलीभर जातो. मग झाऱ्याने पाकळ्या सगळ्या उचलून बाहेर. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून लसणाचा स्वाद तेलात राहतो आणि बाधणारी साखर पाकळीबरोबर निघून जाते. तेच जर रश्श्यात लसूण घालून नंतर काढला, तर उपयोग शून्य, कारण फ्रुक्टन तोवर रश्श्यात उतरलेलं असतं. आधी तेलात, पाणी पडायच्या आत बाहेर. हा क्रम चुकवायचा नाही, हे मी प्रत्येकाकडून करून घेते. शिक्षक पाकळ्या मोजून टाकतात आणि मोजून काढतात.

एक आजी म्हणतात, कांदेनवमीनंतर आमच्याकडे चार महिने कांदा-लसूण नसतोच, मग सुनेला सोपं जाईल. वर्ज्याचा काळ सोपा जाईल खरा, पण परत आणायची चाचणी त्याच दिवसांत आली तर? आजी क्षणभर विचार करतात. ‘तिच्यापुरतं वेगळ्या कढईत करू. औषधच ते.’ ही आजी माझ्या शिफारसपत्रांहून जास्त काम करते.

सुनेचा प्रश्न गव्हाचा. ग्लूटेन सोडलं आणि बरं वाटलं, म्हणजे ग्लूटेनच वाईट ना? ओस्लोमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी सांगते. ग्लूटेन बाधतं असं स्वतःच ठरवलेल्या, सीलिअक नसलेल्या 59 जणांना न सांगता आळीपाळीने तीन प्रकारच्या वड्या दिल्या: एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. फ्रुक्टनच्या आठवड्यात त्रास ग्लूटेनच्या आठवड्यापेक्षा जास्त नोंदला गेला. लसणाच्या मानाने गव्हात फ्रुक्टन फारच थोडं. पण लसूण आपण पाकळीने खातो आणि पोळ्या चार. एक पोळी चालेल, चार चालणार नाहीत, असं उत्तर येऊ शकतं. ते शोधायला पोळी एकटी खावी लागेल, लसणीच्या चटणीबरोबर नाही.

साडेचार

ही माझी फोनची वेळ. सकाळी आठ-नऊला खाल्लेलं आता बोलून चुकलेलं असतं.

मटकीवाला मुलगा: ‘तीनला थोडा गॅस झाला. फेल ना?’ कळ आली? नाही. पोट कडक झालं? नाही. लेक्चर सोडावं लागलं? नाही. मग पुढे बघू, रात्री लिही. कडधान्य खाल्ल्यावर थोडा वायू सरणं हा आजार नव्हे; निरोगी माणसालाही होतं. हीच शर्करा आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे. वर्ज्य आहारावर बायफिडो जातीचे जिवाणू घटतात, म्हणून तो आहार वर्षानुवर्षं चालवायचा नसतो. काही जण तीन-तीन वर्षं चालवतात, कारण बरं वाटतंय. मला त्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

एका बाईंना आज मध घ्यायचा होता, फ्रुक्टोजसाठी. पाळी सुरू झाली, कंबर दुखतेय. मध लांबणीवर. पाळीच्या दिवसांत आतडं तसंही कुरकुरतं. त्या दिवशीची नोंद कशालाच धरता येत नाही. तसंच रात्रीचा प्रवास, जागरण, परीक्षा, घरातलं लग्न. चाचणीला कंटाळवाणा, नेहमीसारखा दिवस लागतो.

साडेसहा

निघता निघता मधुमेहाचे एक गृहस्थ. दुपारनंतर रोज जुलाब. खाणं अगदी काटेकोर, वही सुवाच्य, आणि तरी कारण सापडत नाही. खिशात काय आहे, विचारते. शुगर-फ्री गोळ्या, दुपारच्या जेवणानंतर तोंडात घोळवायच्या, चार-पाच. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल; हेही फॉडमॅपच, पोट सैल करणारे. या गोळ्या खाणं म्हणून त्यांनी कधी लिहिल्याच नव्हत्या. आठवडाभर गोळ्या बंद, बाकी काहीही बदलायचं नाही.

रात्री नऊ

नोंदी येऊ लागतात. बँकेतल्या बाई: ‘दुपारचं जेवण लिहिलंय.’ निफाडच्या काकांच्या सुनेने धिरड्यांचा फोटो पाठवलाय, पातीने हिरवीगार. खाली, ‘मामंजींनी तीन खाल्ली. सात वाजता. अजून बरे आहेत.’ उद्या सकाळपर्यंत थांबून मगच खूश व्हा, असं मी कळवते आणि बेसनाची चाचणी सोमवारपासून लावते.

मुलगा: ‘आठला एक वाटी मटकी. तीनला थोडा गॅस, साडेपाचला गेला. दोनदा नीट जेवलो. कळ नाही.’ मी तक्त्यात मटकीपुढे ‘एक वाटी, चालते’ असं भरते. उद्या आणि परवा साधं जेवण. त्यानंतर पाव: पहिल्या दिवशी अर्धा, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, सकाळी आठलाच, बरोबर साधं लोणी. पावाच्या पाकिटावर सोयाचं पीठ नाही ना, तेवढं बघून घे, असं लिहून त्याला पाठवते.